तीन वाजताचा रंग

"रंग कुणी बघितला?"

मगदूम मालकांनी हे दोनदा विचारलं. एकदा हातातल्या कार्डाकडे बघत, एकदा इसाकचाचांकडे बघत.

मी ऑफिसच्या दाराला टेकून उभी होते. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर एक पिन होती. मनगटाएवढी जाड, वीतभर लांब. उसाची ट्रॉली ट्रॅक्टरला जोडतात ती. तिचे दोन तुकडे झाले होते, आणि त्या दोन तुकड्यांपायी एका माणसाचा उजवा पाय गेला होता. साखर कारखान्याच्या चढावर पिन तुटली, भरलेली ट्रॉली मागे आली आणि मागून चालणारा ऊसतोड्या चाकाखाली सापडला.

"मिस्त्री, भांडायला बोलावलेलं नाही मी. पंचवीस वर्षं झाली तुम्हाला या भट्टीवर. पण मागच्या दिवाळीत आपलं काय ठरलं होतं?"

"एक पेटी वाया गेली की भट्टी दुसऱ्याच्या हातात," चाचा म्हणाले. पाठ केलेलं म्हणावं तसं.

"मग सांगा. रंग कुणी बघितला?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. उत्तर आमच्यातल्या दोघांना माहीत होतं.

इथे मी थांबते. चाचांनी काय उत्तर दिलं ते सांगायच्या आधी ते कार्ड दाखवते. ते अजून माझ्याकडे आहे. नोकरी सोडली त्या दिवशी फायलीतून काढून घेतलं. चोरलं म्हणा.

*

कार्ड नंबर ११८. मंगळवार, २१ जानेवारी १९८६.

माल : ट्रॉलीची पिन, चाळीस नग.
पेटी भट्टीत : सकाळी सात.
दुपारी तीन : मीटर ९२०. रंग संत्रं.
पेटी बाहेर : सायंकाळी पाच.
कडकपणा : ६०.
रंग बघणार : इ. म. शिकलगार.
तपासणार : शै. बा. चौगुले.

शेवटची ती मी. शैलजा. तेवीस वर्षांची, धातुशास्त्राचा डिप्लोमा झालेली. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या अंगाला मगदूमांचा कारखाना होता. लोखंडाचे तयार भाग आमच्याकडे यायचे आणि आम्ही त्यांची वरची कातडी कडक करून परत द्यायचो. एवढाच धंदा. मोठ्या गिऱ्हाइकांना आता तपासणीचा कागद लागायला लागला म्हणून मालकांनी मला ठेवलं. त्या आवारात मी एकटी बाई.

पहिल्या दिवशी इसाकचाचांनी माझी परीक्षा घेतली.

"शिकून आलीयास म्हणं. मग सांग, पिन सगळीच्या सगळी कडक का करायची न्हाई?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. चांगलं पाच मिनिटं दिलं.

चाचांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लई बेस. आता माझं ऐक. सगळी कडक केली तर काचंवानी फुटती. सगळी मऊ ठेवली तर साबणावानी झिजती. वरनं कडक, आतनं चिवट. संपलं. ह्याला तुला किती वर्षं लागली?"

"तीन."

"मला चाळीस. म्हंजी तूच हुशार."

काम असं चालायचं. लोखंडी पेटीत पिना उभ्या मांडायच्या, मधल्या जागेत कोळशाचा भुगा ठासून भरायचा, झाकण लावून चिकणमातीने लिंपायचं. मग पेटी भट्टीत. आठ-दहा तास ठरलेल्या उष्णतेवर ठेवली की कोळसा हळूहळू लोखंडाच्या कातडीत मुरतो. जेमतेम एक मिलिमीटर. मग पेटी फोडून लालबुंद पिना थेट तेलात सोडायच्या. ज्या कातडीत कोळसा मुरला ती कडक होते. आत तो पोचलेला नसतो, म्हणून आतलं चिवट राहतं. उष्णता कमी पडली तर काहीच मुरत नाही. जास्त झाली तर लोखंडाचा दाणा फुगतो, आणि तसं लोखंड दिसायला कडक, पण एका धक्क्यात तुटतं.

म्हणून कार्डावर दोन नोंदी. एक मीटरची, एक रंगाची. हा मालकांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. भट्टीत खोचलेल्या तारेवरून मीटर आतल्या उष्णतेचा आकडा दाखवायचा, अंशांत. तो मी लिहायचे. आणि भट्टीच्या दाराला रुपयाएवढं भोक होतं, त्याला झाकणी. ती सरकवून मिस्त्रीने आतला रंग बघायचा. नियम असा की रंग बघणाऱ्याने आधी मीटर बघायचा नाही. मीटरकडे पाठ करून उभं राहायचं. मीटर चुकला तर डोळा सांगेल, डोळा चुकला तर मीटर.

रंगांना चाचांची नावं होती. जांभूळ. वीट. डाळिंब. संत्रं. हळद. उजेडात हे रंग कळत नाहीत, म्हणून भट्टीच्या तोंडाशी पोत्यांचा पडदा शिवून अंधार केलेला होता. त्या पडद्याआड चाचा मला हाक मारायचे.

"शैला, ये इकडं. बघ आणि सांग."

मी वाकायचे. भोकातून अशी झळ यायची की डोळ्यातलं पाणी गालावर यायच्या आत सुकायचं.

"डाळिंब."

"डाळिंब का वीट?"

"डाळिंब, चाचा."

"नीट बघ. घाई न्हाई. लोखंड कुठं पळून चाललंय?"

"डाळिंबच."

"हां." मग ते स्वतः वाकायचे, भोकाला तोंड लावायचे, क्षणभर थांबायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, "लिही. डाळिंब."

पहिले दोन महिने मी चुकायचे. नंतर चुकेनाशी झाले. हातातली विद्या ते मला देतायत याचा मला अभिमान वाटायचा. घरी आईला सांगायचे, चाचा कुणाला शिकवत नाहीत, मला शिकवतात. माझ्या डायरीत मी एक तक्ताही केला. एका बाजूला चाचांचे रंग, दुसऱ्या बाजूला मीटरचे आकडे. डाळिंब म्हणजे आठशेवीसच्या आसपास. संत्रं नऊशेवीस. हळद हजारच्या पुढे. चाचांना दाखवला तेव्हा त्यांनी डायरी हातात घेतली, पानावरून बोट फिरवलं आणि परत दिली.

"चांगलं लिवलंयस."

डायरी उलटी धरली होती त्यांनी. मला वाटलं, त्यांना वाचता येत नसेल.

*

तीन वाजता.

मंगळवार. सकाळी सातला पेटी आत गेली. आदल्या दिवशी गवंडी येऊन भट्टीची आतली भिंत डागडुजी करून गेला होता. तीन वाजता मी मीटर बघितला. ९२०. पडद्याआड गेले.

"शैला, बघ आणि सांग."

"संत्रं."

चाचा वाकले, भोकाशी थांबले, बाहेर आले. "लिही. संत्रं."

साडेचारला नमुन्याची सळी काढली. पेटीत पिनांबरोबर एक बारीक सळी ठेवलेली असते, तिचं टोक बाहेर असतं. ती ओढून पाण्यात बुडवायची, पकडीत धरायची आणि हातोड्याने मोडायची. मोडलेल्या जागी दाणा दिसतो. चाचांनी मोडली. मोडलेल्या तोंडावर अंगठा फिरवला. चाचांचा हिशेब पिठाचा होता. हाताला मैदा लागला तर काम फक्कड. रवा लागला तर बिघडलं.

"रवा लागतोय गं," ते म्हणाले.

त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला. "रंग बघितलास न्हवं?"

"बघितला की चाचा. संत्रं."

"संत्रं." अर्धी सळी त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि अर्धी मला दिली. "मग माझा अंगठाच म्हातारा झाला म्हणायचा."

पाचला पेटी फोडली. पिना तेलात गेल्या. मी मशीनवर कडकपणा तपासला. हिऱ्याचं टोक दाबून ते मशीन आकडा देतं. साठ आला. हवा होता तेवढाच. पिन कडक आहे का एवढंच त्या मशीनला विचारता येतं. तुटेल का, हे त्याला विचारता येत नाही. मी सही केली.

असं झालं. म्हणजे मी पुढे ज्याला ज्याला सांगितलं, त्याला असं सांगितलं.

*

"मी बघितला," चाचा म्हणाले. "सही माझी हाय. रंग मीच बघितला."

मालकांनी पिनेचा एक तुकडा उचलून पुढे केला. "मग हे बघा. बघा हे मिस्त्री. खडीसाखर दिसतेय आत. हा काय नऊशेवीसचा दाणा आहे? हजाराच्या वर गेलीय भट्टी. त्या पेटीनंतर भट्टी पेटवलेलीच नाही, काल तार काढून बघितली. गवंड्याने डागडुजी करताना ती बाहेर ओढून ठेवली आणि पुन्हा पूर्ण आत सरकवलीच नाही. मीटर खोटं बोलत होता, कबूल. पण मीटर खोटं बोलतो म्हणूनच तर तुम्ही तिथे आहात ना?"

चाचांनी हात पुढे केला. हात तुकड्याच्या बाजूने गेला आणि टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याला लागला. तांब्या हलला. चाचांनी तो सावरला, जणू पाणीच प्यायचं होतं, आणि खरंच दोन घोट पाणी प्याले. मग हात टेबलावर ठेवला आणि हळूहळू पुढे नेला. बोटं वर्तमानपत्राच्या कडेला लागली. तिथून तुकड्याला. मालकांच्या हातात तुकडा होता तिथे नाही, दुसरा, टेबलावर पडलेला.

मालक दुसऱ्या हाताने कार्डावर काहीतरी लिहीत होते. त्यांनी बघितलं नाही.

मी बघितलं.

उलटी डायरी. "नीट बघ, घाई न्हाई." रंग सांगितल्यावर भोकाशी नुसतं थांबणारं ते तोंड. त्यांचा उजवा डोळा एका शिबिरातल्या ऑपरेशनात गेला होता, ते सगळ्यांना ठाऊक होतं. डावा त्यांनी कुणाला दाखवलाच नव्हता.

ते मला शिकवत नव्हते. की शिकवत होते आणि वापरतही होते? तेव्हा मला एवढंच कळलं की गेली दीड-दोन वर्षं त्या भट्टीला एकच डोळा होता, आणि तो माझा होता.

चाचांनी तुकड्याच्या तुटलेल्या तोंडावर अंगठा फिरवला.

"साखरच हाय," ते म्हणाले. "माझा अंगठा त्याच दिवशी बोलला होता, मालक. मी ऐकलं न्हाई त्याचं."

"का नाही ऐकलं?"

त्यांनी मान वळवली. माझ्या दिशेला, पण माझ्याकडे नाही. दार कुठे आहे याचा अंदाज घेऊन वळवलेली मान होती ती.

"चूक हुती. दुसरं काय."

मालकांनी पेन ठेवलं. "शैलजा, तुझं काही म्हणणं आहे? लॅबचं?"

त्या वेळी तोंडातून जे निघालं ते असं. "कडकपणा बरोबर होता, सर. साठ."

मालकांनी कार्ड फायलीत लावलं. मग उठून त्यांनी चाचांचा हात हातात घेतला. "मिस्त्री," म्हणाले, "उद्यापासून या, बसा, चहा घ्या, पोरांना चार गोष्टी सांगा. पगार चालू राहील. पण भट्टीला हात नाही."

"पगार नको मालक," चाचा म्हणाले. "बसून खाणारा माणूस भट्टीपुढं शोभत न्हाई."

ते बाहेर पडले. पायरीशी थांबून त्यांनी पायाने कड चाचपली. मी पुढे होऊन हात धरला.

"दवाखान्यात जाऊन आलो काल," ते मला म्हणाले. "दगडू नाव हाय त्याचं. बीडकडचा. बायकू बसलीय उशाला. तिला म्हणलं, पिन मी केलती. ती म्हणली, बसा."

"तिनं शिव्या दिल्या नाहीत?"

"दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

मी कधी त्या दवाखान्यात गेले नाही.

*

तीन वाजता, पुन्हा.

मंगळवार. आई सकाळी डबा देताना म्हणाली, "आज तरी त्या भट्टीत तोंड घालू नकोस. उद्या सांगलीचे लोक यायचेत बघायला. गेल्या खेपेला भुवई जळून आली होतीस. ती बाई काय म्हणाली आठवतंय ना?"

आठवत होतं. महिन्यापूर्वी एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आत्याने माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला आणि विचारलं होतं, "ह्ये काय चट्टं पडल्यात?"

तीन वाजता मी मीटर बघितला. ९२०. पडद्याआड गेले.

"शैला, बघ आणि सांग."

मी झाकणी सरकवली. तिचा लोखंडी आवाज झाला. तो चाचांना ऐकू गेला. भोकातून उजेड माझ्या पदरावर पडला. मी वाकले नाही. दोन पावलं मागे उभी राहिले, एक हात गालावर धरून, आणि मनातल्या मनात डायरीचं पान उघडलं. नऊशेवीस.

"संत्रं," मी म्हटलं.

मी मीटरचाच आकडा रंगाचं नाव देऊन त्यांना सांगितला. दोन नोंदींची एक झाली. मला वाटलं, ते स्वतः बघणारच आहेत. माझं उत्तर म्हणजे तोंडी परीक्षा. एक दिवस उत्तर पुस्तकातून दिलं तर काय बिघडलं?

पदरावर पडलेला उजेड मात्र मला दिसला होता. तो पिवळा होता. पदर पांढरा होता, म्हणून नीट दिसला. मी पदर सारखा केला.

आणि साडेचारला त्यांनी विचारलं, "रंग बघितलास न्हवं?" तेव्हा मी म्हटलं, "बघितला की."

बुधवारी सांगलीचे लोक आले. कुणाला माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. स्थळ जमलं.

*

ऑफिसात मालकांनी विचारलं तो गुरुवार होता; त्यानंतरच्या रविवारी मी चाचांच्या घरी गेले.

त्यांचं घर शिकलगारांच्या गल्लीत होतं. दारातल्या खोपटात धार लावायचं चाक, बाजूला एक छोटी भट्टी, जमिनीत खड्डा करून केलेली, तिला हाताने फिरवायचा भाता. पिढीजात धंदा. कात्र्या, अडकित्ते, विळे. चाचा चाकापुढे बसून कात्रीला धार लावत होते. नजर समोरच्या भिंतीवर, बोटं पात्यावर. त्या कामाला डोळे लागत नव्हते.

चाची भात्याशी बसली होती. चाळीस वर्षं हा भाता तिनेच फिरवला होता.

"कोण आलंय बघा," ती म्हणाली. "तुमची शाळा आली."

"शैला? बस. च्या टाक गं हिला."

मी ठरवून आले होते. सगळं सांगायचं होतं. रिक्षात बसून वाक्यंही जुळवली होती. पहिलं वाक्य होतं, चाचा, त्या दिवशी मी वाकलेच नाही.

चहा आला. मी कप हातात धरून बसले.

"तुला दिसलं त्या दिवशी," चाचाच म्हणाले. "तांब्याला हात लागला तवा."

"हो."

"डावा बी गेलाय. दोन वर्षं झाली. उजेड तेवढा कळतो. घरात हिला आणि मला, एवढंच ठाऊक." ते कात्री मिटून उघडून आवाज ऐकत होते. "तुला फशिवलं मी. शिकिवतो म्हणून कामाला लावलं. रागावलीस?"

"नाही, चाचा."

"मालकापुढं तुझं नाव घेतलं न्हाई, कारण त्यात तुझा काय दोष न्हाई. तुझ्या डोळ्यांनी मी काम केलं. डोळा तुझा, पण डोक्यात रंग भरला तो मी. आंधळ्यानं शिकिवला रंग. चुकणारच. संत्रं कुठं संपतं आणि हळद कुठं लागती ते तुला मी नीट दिलंच न्हाई. चार रात्री त्योच इचार करतोय."

"चाचा..."

"थांब. बोलू नगं. एक काम करू." ते उठले, खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढलं. अर्धी सळी. कार्ड ११८ ची. "ही भट्टीत घालू. तू बघ. माझ्या डोळ्याचं जाऊ दे, पर माझ्या शिकिवण्यात खोट ऱ्हायला नको. आता तरी नीट शिकून जा. फिरव गं भाता."

सांगायची वेळ तीच होती. सळी निखाऱ्यात जायच्या आधी. मी कप खाली ठेवला. चाचांनी सांडशीने सळी निखाऱ्यात खोचली आणि चाचीने भाता फिरवायला घेतला.

"खोपटात अंधार हाय न्हवं?"

"आहे," चाची म्हणाली. तिने दाराचा पडदा ओढला होता.

"शैला, बघ आणि सांग."

मी वाकले. या वेळी अगदी जवळ. झळ कपाळाला लागली, केसांचा जळका वास आला. मी मागे सरले नाही.

"काळा," मी म्हटलं. "अजून काळाच."

भाता घरघरत होता.

"जांभूळ."

"हां. पुढं."

"वीट. आता वीट झाली."

"घाई न्हाई."

"डाळिंब."

"डाळिंब का वीट?"

"डाळिंब, चाचा."

चाची माझ्याकडे आणि सळीकडे आळीपाळीने बघत होती. तिचा हात थांबत नव्हता.

"संत्रं," मी म्हटलं. "संत्रं. संत्रं... अजून संत्रं." डोळ्यांतून पाणी येत होतं आणि सुकत होतं. सळीच्या टोकाला कडेने फिकट व्हायला लागलं. ते पसरलं. "गेलं. आता हळद. ही हळद."

मी बरोबर सांगितलं होतं. एका श्वासाचाही फरक नव्हता.

चाचीने कौतुकाने मान डोलावली. साधी बाई. तिला वाटलं नवऱ्याला बरं वाटेल.

"अवो, हिला तर सगळं बरोबर येतंय की," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यादेखत सांगितलं तिनं. संत्रं सुटलं तवाच हळद म्हणली. तुम्ही कवा चुकीचं शिकिवलंय हिला?"

भाता थांबला. चाचांनी तिच्या मनगटावर हात ठेवला होता.

सांडशीत धरलेली सळी चाचांनी निखाऱ्यातून बाहेर काढली आणि तशीच हवेत धरली. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता. या वेळी बरोबर माझ्याकडे. माझा श्वास ऐकून त्यांना जागा कळली असावी.

हळद गेली. संत्रं आलं. डाळिंब. वीट. सळी त्यांच्या हातात एकेक रंग उतरत होती. मला सगळे दिसत होते आणि चाचा विचारत नव्हते.

जांभूळही गेलं.

मग त्यांनी सळी पाण्याच्या घमेल्यात टाकली. काळी दिसत असली तरी ती गार झालेली नव्हती. चर्र आवाज झाला आणि वाफ आली.

"भुवई जळली का गं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर मी तिथे बसून राहिले असते.

"थोडी."

"हां." ते चाकापुढे जाऊन बसले. कात्री उचलली. "त्या दिशी न्हाई जळली."

चाची म्हणाली, "काय? कुठल्या दिशी?" चाचांनी कात्रीच्या पात्यावरून बोट फिरवलं.

"लगीन कवा हाय?"

"मेमध्ये."

"चांगलं हाय. जा आता. च्या पिऊन जा."

चाक फिरायला लागलं. कात्रीचं पातं त्यावर टेकलं आणि ठिणग्या उडाल्या, हळदीच्या रंगाच्या. मी चहा प्याले. गार झाला होता.

*

मे महिन्यात लग्नाला चाचा आले नाहीत. चाची आली, एक अडकित्ता घेऊन. चाचांनी स्वतः घडवलेला. अडतीस वर्षं तो माझ्याकडे आहे. अजून धार गेलेली नाही. मी मालकांना कधी काही सांगितलं नाही. सांगितलं तर चाचांची फसवणूकही उघडी पडेल, असं मी स्वतःला बजावत राहिले. चाचा गेल्यालाही आता सत्तावीस वर्षं झाली, आणि मालकही गेले. उघडं पडेल असं कुणी उरलं नाही. फक्त कार्ड आहे.

कार्ड नंबर ११८. दुरुस्ती.

दुपारी तीन : मीटर ९२०. रंग बघितला नाही. पदरावर पिवळा उजेड.
रंग बघणार : शै. बा. चौगुले.